खानदेशातल्या लहान यहुदी मंडळीत नव्याने सामील होताना

भुसावळला रेल्वेत बदली होऊन आलेले, दीपनगरच्या वीजकेंद्रात किंवा वरणगावच्या कारखान्यात रुजू झालेले, जळगावच्या विद्यापीठात शिकायला आलेले किंवा लग्न होऊन धुळ्याला नांदायला आलेले बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, माणूस पहिल्या काही आठवड्यांत हमखास विचारते की इथे आपले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, कुठे आहे. खानदेशात सिनेगॉग नाही. रेल्वेने जाण्याच्या दृष्टीने सोयीचे म्हणजे ठाण्याचे १८७९ मधले शार हशामाईम. नंदुरबारकडच्या माणसाला सुरतमार्गे अहमदाबादचे १९३४ मधले मागेन अब्राहमही तितकेच सोयीचे पडते. भुसावळ ते मुंबई हे अंतर सुमारे ४४० किलोमीटर असल्यामुळे दर शुक्रवारी तिकडे जाणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. म्हणून इथली मंडळी घराघरांतून जमते, आणि जिथे ती जमते तिथेच प्रार्थना, जेवण आणि अभ्यास होतो.

अशा मंडळीत नव्याने येणाऱ्याने कोणत्या क्रमाने काय करावे, हे पुढे लिहिले आहे. त्यामागची माझी ठाम समजूत आधीच सांगतो. मोठ्या शहरात मागच्या बाकावर बसून वर्षानुवर्षे ऐकत राहता येते. लहान मंडळीत तशी जागाच नसते. इथे आलेल्या माणसाने आठवड्यातली एक वेळ आणि मंडळीतले एक काम स्वतःकडे घ्यावे, म्हणजे धर्माचे शिक्षण त्या कामातूनच सुरू होते. संख्या वाढेल, हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, मिळेल, मग सुरुवात करू, असे म्हणणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्या घरांतली मुले शमा, म्हणजे आपली रोजची मुख्य प्रार्थना, न शिकताच मोठी झाली.

आधी कळवा, मग या

घरात भरणाऱ्या मंडळीत अचानक जाऊ नये. ज्यांच्या घरी शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विश्रामदिन, आहे त्यांनी शुक्रवारी दुपारपर्यंत स्वयंपाक उरकलेला असतो आणि सूर्यास्तानंतर चूल पेटवायची नसते, म्हणून किती पाने वाढायची हे त्यांना बुधवार-गुरुवारपर्यंत समजायला हवे. ओळख नसेल तर आपल्या मूळच्या सिनेगॉगमधल्या कोणा वडीलधाऱ्याला फोन करायला सांगावे. मुंबई, ठाणे, पुणे आणि अलिबाग-पेणकडची घरे एकमेकांच्या नात्यात इतकी गुंतलेली आहेत की पेणकर, रोहेकर, दिवेकर किंवा नवगावकर असे आडनाव सांगताच समोरची आजी दोन मिनिटांत तुमच्या मावशीपर्यंत पोहोचते. ही चौकशी भोचकपणाची नसते. ज्याला आपण रात्री घरी मुक्कामाला ठेवणार आहोत त्याची ओळख पटवण्याची ती जुनी आणि चांगली रीत आहे.

फोनवरच तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: तुम्ही शब्बाथला वाहनाने प्रवास करता की नाही, हिब्रू वाचता येते की नाही, आणि खाण्यापिण्यात तुम्ही कितपत काटेकोर आहात. यांतल्या कोणत्याही उत्तराने तुम्ही कमी ठरत नाही. जळगावात राहणारा माणूस भुसावळच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी आला तर त्याची परतायची सोय शनिवारी रात्रीपर्यंत करायची की नाही, एवढेच त्यावरून ठरते. जे मुक्काम करू शकत नाहीत त्यांच्यासाठी रविवारी सकाळी अभ्यासाची बैठक ठेवणे सोयीचे असते, आणि नोकरदार माणसांना पुष्कळदा तीच पहिली पायरी जमते.

बेने इस्राएल नसलेल्या, पण यहुदी धर्माविषयी मनापासून ओढ असलेल्या वाचकांनाही इथेच सांगतो. पाहुणा म्हणून तुमचे स्वागत होईल, विशेषतः मलिद्याला, म्हणजे आभाराच्या घरगुती विधीला, किंवा शब्बाथच्या जेवणाला. फक्त आधी विचारावे. धर्मांतराचा अधिकार घरगुती मंडळीला नसतो; त्यासाठी बेथ दीन, म्हणजे तीन जाणकारांचे धर्मपीठ, लागते आणि मार्ग लांबचा असतो. यहुदी परंपरा कोणाला धर्मात ओढून आणत नाही, आणि कोणी तुम्हाला झटपट आश्वासन देत असेल तर त्यावर विसंबू नये.

सूर्यास्ताची वेळ आपल्या गावाची घ्या

मुंबईच्या वेळा छापलेली दिनदर्शिका खानदेशात जशीच्या तशी वापरता येत नाही. प्रत्येक अंश रेखांशामागे सूर्याच्या वेळेत ४ मिनिटांचा फरक पडतो. जळगाव मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ पावणेतीन अंश आहे, म्हणून इथला सूर्य सर्वसाधारणपणे दहा-अकरा मिनिटे आधी मावळतो. हिवाळ्यात हा फरक थोडा वाढतो आणि उन्हाळ्यात थोडा कमी होतो. दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटे आधी लावण्याची पद्धत आहे. मुंबईची वेळ पाहून दिवा लावणाऱ्याचा दिवा त्यामुळे अगदी सूर्यास्ताच्या काठावर येतो, आणि थोडी जरी दिरंगाई झाली तरी तो शब्बाथ लागल्यावर पेटवला जातो. नंदुरबारला फरक याच्या निम्मा आहे, भुसावळला किंचित जास्त. आपल्या गावाचा सूर्यास्त पाहून वर्षभराच्या शुक्रवारांच्या वेळा एका कागदावर लिहाव्यात आणि तो कागद स्वयंपाकघरात लावावा. नव्याने आलेल्या माणसाने मंडळीसाठी करण्याजोगे हे पहिले काम आहे, कारण त्याला हिब्रू येण्याची गरज नाही आणि उपयोग मात्र सगळ्यांना होतो.

पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल तेल आणि त्यात तरंगती वात, असा दिवा आपल्या घरांत पूर्वापार लावला जातो. तेल जेवण संपेपर्यंत पुरेल इतके घालावे. खानदेशात वीज केव्हाही जाते आणि शब्बाथ लागल्यावर दिवा पुन्हा पेटवता येत नाही, म्हणून तो वाऱ्यापासून आणि मुलांच्या हातापासून दूर, पण जेवणाच्या जागेवर उजेड पडेल असा ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत कूलर शुक्रवारीच सुरू करून त्याची टाकी काठोकाठ भरून ठेवावी. जळगावचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. म्हातारी माणसे आणि लहान मुले असलेल्या घरात ही चैन नाही, गरज आहे. प्रकृतीला धोका असेल तेव्हा शब्बाथचे निर्बंध बाजूला ठेवावे लागतात, हाही धर्माचाच नियम आहे, आणि तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी माहीत असावा.

पहिला शब्बाथ

पुरुषांनी टोपी आणावी, स्त्रियांनी डोक्यावर ओढणी किंवा पदर घ्यावा. फोन बंद करून पिशवीत ठेवावा आणि छायाचित्रे काढू नयेत. दारात उजव्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे शमाचा लेख ठेवलेली लहान डबी, असेल. त्याला बोटे लावून ती ओठांशी नेण्याची रीत आहे, पण सवय नसेल तर घरच्यांचे पाहून करावे.

प्रार्थनेनंतर हातबोशी होते. वडीलधारी व्यक्ती दोन्ही हात पुढे करते, तुम्ही आपले हात त्यांत देता, आणि मग प्रत्येक जण आपल्या हातांची बोटे ओठांना लावतो. ती एकाकडून दुसऱ्याकडे जात घरातल्या सगळ्यांत लहान मुलापर्यंत पोहोचते. नवा माणूस संकोचाने मागे सरकतो असे नेहमी दिसते. तसे करू नये. तुम्ही मागे सरकलात तर हातबोशी तुमच्यापाशी अडते.

किद्दुशला, म्हणजे पेला हातात घेऊन म्हणायच्या शब्बाथच्या आशीर्वादाला, आपल्याकडे काळ्या मनुकांचे सरबत असते. हे करायला शिकणे नव्या माणसासाठी उत्तम सुरुवात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पेलाभर काळ्या मनुका निवडून, देठ काढून धुवाव्यात आणि दोन पेले पाण्यात गुरुवारी रात्री भिजत घालाव्यात. शुक्रवारी सकाळी त्या टपोऱ्या फुगलेल्या दिसतात आणि पाण्याला तांबूस काळा रंग आलेला असतो. मग त्या त्याच पाण्यात मंद आचेवर थोडा वेळ उकळाव्यात, गार झाल्यावर हाताने कुस्कराव्यात आणि स्वच्छ पातळ फडक्यातून पिळून गाळून घ्याव्यात. फडके घट्ट पिळले की शेवटी जो दाट रस निघतो तोच खरा, तो टाकून देऊ नये. साखर घालू नये. मनुका चांगल्या असतील तर गरजही पडत नाही. किद्दुशच्या पेल्यात सुमारे ८६ मिलीलिटर तरी सरबत असावे लागते, त्यामुळे एवढ्या सरबतात शुक्रवारची रात्र आणि शनिवारची सकाळ भागते आणि शब्बाथला निरोप देणाऱ्या हावदालासाठीही उरते. उन्हाळ्यात ते फ्रिजमध्ये ठेवावे, नाहीतर शनिवारपर्यंत आंबते.

जेवणाबाबत इथली अडचण मांसाची आहे. शोहेट नसल्यामुळे विधिपूर्वक कापलेले मांस मिळत नाही आणि बाजारातले घेता येत नाही. मासळीत पर आणि खवले दोन्ही असलेली चालते. म्हणून तापीतले किंवा हतनूर धरणातले रोहू आणि कटला चालतात, मांगूर आणि झिंगे चालत नाहीत. मासेवाल्याकडून मासा अख्खा घ्यावा आणि खवले स्वतः पाहून मगच साफ करून घ्यावा.

खरे तर शब्बाथच्या जेवणासाठी खानदेशासारखा प्रदेश शोधून सापडणार नाही. बामणोदकडची हिरवट पांढरी मोठी वांगी शुक्रवारी दुपारी काड्यांवर भाजून, बडग्याने ठेचून, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून केलेले भरीत थंडही चांगले लागते, त्यात दूध नाही की मांस नाही, आणि पंचवीस माणसांनाही पुरवता येते. फक्त भाकरीची एक गोष्ट लक्षात ठेवावी. हामोत्सी हा भाकरीचा आशीर्वाद गहू, जव आणि त्यांच्या वर्गातली मिळून पाच धान्ये आहेत, त्यांच्याच भाकरी-पोळीवर म्हणता येतो. ज्वारीची, बाजरीची किंवा कळण्याची भाकरी त्यांत बसत नाही. म्हणून शब्बाथच्या ताटात गव्हाच्या दोन पोळ्या झाकून ठेवाव्यात, त्यांवर हामोत्सी म्हणावे, आणि मग कळण्याची भाकरी हवी तितकी खावी.

दहा जण नसतील तेव्हा

परंपरेने मिन्यानला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेच्या किमान संख्येला, तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. खानदेशात दहा जण जमणे हा योगच असतो, आणि म्हणून काय म्हणता येते आणि काय नाही हे नीट माहीत असावे. मिन्यानशिवाय कद्दीश (शोकातल्या माणसानेही म्हणायची देवस्तुती), बारेखू आणि केदुशा या प्रार्थना म्हटल्या जात नाहीत, आणि सेफेर तोरा (मोशेच्या पाच ग्रंथांची हस्तलिखित गुंडाळी) काढून आशीर्वादांसह जाहीर वाचन होत नाही. बाकी पुष्कळ काही उरते: शमा त्याच्या आशीर्वादांसह, मनातल्या मनात म्हणायची आमिदा, शब्बाथच्या स्वागताची स्तोत्रे, किद्दुश, जेवणानंतरचे आभार आणि शनिवारी रात्री तीन तारे दिसल्यावर हावदाला. आठवड्याचा परशा, म्हणजे तोरेतला त्या आठवड्याचा भाग, हाही छापील ग्रंथातून वाचता येतो. एकट्या माणसालाही यातले जवळजवळ सगळे करता येते. दोन माणसे तोरावर बोलायला बसली तरी देवाचे सान्निध्य त्यांच्यामध्ये असते, ही आपल्या जुन्या आचार्यांची शिकवण आहे आणि लहान मंडळी त्याच भरवशावर उभी असते.

अवघड जाते ते शोकातल्या माणसाला, कारण त्याला कद्दीश म्हणायचे असते. अशा माणसासाठी मंडळीने आळीपाळीने ठाण्या-मुंबईला सोबत जावे. शब्बाथ धरून जायचे असेल तर शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघावे आणि सिनेगॉगपासून चालण्याच्या अंतरावर मुक्काम करावा. जाण्याआधी तिथल्या लोकांना फोन करावा आणि आधार कार्ड जवळ ठेवावे. २००८ च्या नोव्हेंबरमधल्या हल्ल्यानंतर मुंबई परिसरातल्या सिनेगॉगांत प्रवेशाच्या वेळी ओळख तपासली जाते. दारावरच्या पोलिसाने अडवले म्हणून मन खट्टू करून घेऊ नये.

शिकण्याचा क्रम

आपल्या परंपरेप्रमाणे कोकणच्या किनाऱ्यावर नवगावजवळ जहाज फुटून आपले पूर्वज आले आणि ग्रंथ समुद्रात गेले. कित्येक पिढ्या तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवून ते शनिवार तेली म्हणून राहिले. त्यांच्याजवळ उरले होते ते शब्बाथ, सुंता, मासळीतला आणि मांसातला विधिनिषेध, आणि शमा. नव्या माणसाने आधी याच गोष्टी शिकाव्यात असे मला वाटते, आणि सुरुवात शमापासूनच करावी.

पहिली ओळ सहा शब्दांची आहे. ती आधी ऐकून पाठ करावी, देवनागरीत लिहून घ्यावी आणि रात्री झोपताना व सकाळी उठल्यावर म्हणावी. ती तोंडात बसल्यावर तीच ओळ हिब्रूत समोर घ्यावी. बावीस अक्षरे एकदम घोकण्यापेक्षा आपल्याला पाठ असलेल्या शब्दांतली अक्षरे ओळखणे फार सोपे जाते. शमाच्या पहिल्या परिच्छेदात बहुतेक सगळी अक्षरे येऊन जातात. उजवीकडून डावीकडे वाचण्याची डोळ्यांना सवय व्हायला थोडे दिवस लागतात. देवनागरीतली चिठ्ठी टाकून देण्याची घाई करू नये, पण ती कायमची कुबडीही करू नये. पहिला परिच्छेद हिब्रूतून अडखळत का होईना वाचता आला की चिठ्ठी मिटावी. मराठी अर्थ मात्र पहिल्या दिवसापासून सोबत असावा, कारण ज्या वाक्यात मुलांना शिकवण्याची आज्ञा आहे ते न कळता म्हणणे म्हणजे अर्धेच म्हणणे.

उच्चारांवरून वाद होतात. आपली जुनी माणसे शब्बाथ आणि सुक्कोथ म्हणतात, इस्राएलहून आलेली मुले शब्बात आणि सुक्कोत म्हणतात. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर त्यांचा उच्चार पाळावा. तो चुकीचा नाही, तो आपल्या घराण्यांतून चालत आलेला आहे.

यानंतर आठवड्याचा परशा. तोरा ५४ भागांत विभागलेली आहे आणि सिमहाथ तोरा या सणाला वाचन पूर्ण होऊन लगेच बेरेशीथपासून, म्हणजे उत्पत्तीपासून, पुन्हा सुरू होते. नव्या माणसाने पूर्ण परशा वाचण्याचा हट्ट धरू नये. गुरुवारी रात्री मराठीतून एकदा वाचावा, त्यातला एक प्रसंग निवडावा, एक प्रश्न लिहून आणावा आणि शनिवारी तो मंडळीत मांडावा. उत्तर आणण्याची जबाबदारी घेऊ नये, प्रश्न आणण्याची घ्यावी. योसेफाच्या भावांनी विहिरीत ढकलण्याआधी त्याचा झगा का उतरवला, असा प्रश्न एका शाळकरी मुलाने विचारला की त्यावर घरातली म्हातारी माणसे तासभर बोलतात, आणि त्या तासात जे शिकायला मिळते ते तयार व्याख्यानातून मिळत नाही.

आपल्या मराठीने या शिक्षणाला मोठा आधार दिला आहे. हिब्रू आणि मराठी एकत्र असलेला हगादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायचा ग्रंथ, मुंबईत १८४६ मध्येच छापला गेला, आणि १८८० च्या सुमारास बेने इस्राएल मंडळींनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तने करायला सुरुवात केली. खानदेशात कीर्तनाचा कान लहानपणापासून तयार असतो, म्हणून मुलांसाठी याहून चांगले साधन नाही. ज्याला पेटी वाजवता येते त्याने शब्बाथ सोडून इतर दिवशी, म्हणजे शनिवारी हावदालानंतर किंवा रविवारी, एखादी कथा लावावी. ऑनलाइन वर्गांचाही उपयोग करावा, विशेषतः उच्चार ऐकण्यासाठी. पण पडद्यासमोर एकट्याने केलेला अभ्यास महिन्यातून निदान एकदा माणसांत आणून तपासून घ्यावा.

आता आशीर्वाद. झाडाच्या फळाला एक, जमिनीतून येणाऱ्या पिकाला दुसरा. नवा माणूस केळ्यावर झाडाचा आशीर्वाद म्हणतो, आणि तिथे रावेर-यावलचा शेतकरी त्याला बरोबर उत्तर देऊ शकतो. केळीचा घड उतरला की ते खोड कापून टाकतात आणि पुढचे पीक बुंध्याच्या पिलापासून येते. वर्षानुवर्षे उभे राहून पुन्हा फळणारी फांदी केळीला नसते. याच कारणाने शास्त्राने केळ्याला जमिनीच्या पिकाचा आशीर्वाद ठरवला आहे. कापसाच्या आणि केळीच्या या मुलखात राहून आशीर्वाद शिकणाऱ्याने बाजारात जाऊन एकेक फळ आणि भाजी कशी उगवते हे विचारत फिरावे. सीताफळ, बोर, चिंच यांचा आशीर्वाद कोणता आणि टरबुजाचा कोणता, हे असे विचारून शिकलेला मुलगा पुन्हा विसरत नाही.

ही माहिती लागते ती मलिद्याच्या ताटाला. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलची आणि सुकामेवा यांचा मलिदा मधोमध, भोवती फळे, खजूर आणि सुवासिक पाने, असे ताट मांडून एलियाहू हनाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, स्मरण करतात आणि प्रत्येक वस्तूवर तिचा आशीर्वाद म्हणतात. लग्नाआधी, नवे घर घेतल्यावर, नवस फेडताना किंवा आजारातून उठल्यावर मलिदा करतात. त्याला मिन्यान लागत नाही, म्हणून लहान मंडळीत तो वरचेवर होतो, आणि नव्या माणसाला ताट मांडायला सांगितले तर नाही म्हणू नये.

सणांचे नियोजन

हिब्रू महिने चंद्राचे असतात आणि १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना येतो, त्यामुळे इंग्रजी तारखा दरवर्षी सरकतात. पुढच्या वर्षाच्या तारखा आधीच काढून रजेचा अर्ज वेळेवर द्यावा. नव्याचा सण आणि दारफाळणीचा सण, म्हणजे रोश हशाना (नववर्ष) आणि योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपास), शक्यतो सिनेगॉगमध्येच करावे. शोफार, म्हणजे शिंग, फुंकणे आणि दिवसभराची प्रार्थना मिन्यानमध्येच अनुभवायची असते. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि गणपती-नवरात्राच्या गर्दीत मुंबईच्या गाड्या लगेच भरतात, म्हणून ही तारीख चुकवू नये. ज्यांना जाता येत नाही त्यांनी योम किप्पूरचा उपास घरी धरावा. मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरला विचारावे.

पेसाह, म्हणजे मिसरातून सुटकेचा सण, बहुतेक वर्षी चैत्री पौर्णिमेच्या आसपास येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत खानदेशातल्या गच्च्यांवर कुरडया वाळत असतात. कुरडई गव्हाच्या चिकाची, म्हणजे स्पष्टच हामेत्स, पेसाहला वर्ज्य असलेले. शेजारीण प्रेमाने ताटभर घेऊन आली तर आपला आठ दिवसांचा सण सांगावा आणि नंतर द्यायची विनंती करावी. शेजाऱ्यांना उपास-सोवळे समजते, कोणी रागावत नाही. दळण मात्र जपावे. आपल्या रीतीत पेसाहला तांदूळ आणि डाळी चालतात, आणि ज्वारीही पाच धान्यांत नाही. परंतु ज्या गिरणीत दिवसभर गहू दळला जातो तिथे दळलेल्या पिठात गव्हाचे पीठ मिसळतेच. धान्य दोनतीनदा निवडून घरच्या जात्यावर किंवा सणासाठी स्वच्छ केलेल्या घरगुती चक्कीत दळावे, आणि शंका असेल तर हजानांना विचारून ठरवावे. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, त्यामुळे डबीवरचे घटक वाचावेत किंवा त्या आठवड्यात हिंगाशिवाय फोडणी द्यावी. मात्सा, म्हणजे बिनखमिराची पोळी, मुंबईहून मागवावी लागते. सगळ्या घरांची मागणी एकत्र करून पेसाहच्या महिनाभर आधी येणाऱ्या पुरीम सणाच्या आधीच कळवावी.

जन्म, आजार, मृत्यू

मुलाची सुंता आठव्या दिवशी होते आणि ती करणारा मोहेल बाहेरगावहून आणावा लागतो, म्हणून बाळंतपणाच्या आधीच्या महिन्यातच त्यांच्याशी बोलून ठेवावे. तेराव्या वर्षाच्या बार मित्झवासाठी मुलाने परशा ध्वनिमुद्रणावरून शिकावा आणि वाचन ठाण्याला किंवा मुंबईला करावे. अल्पसंख्याक म्हणून काही अर्ज करायचा असेल तर महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदी समाजाला हा दर्जा दिला आहे, हे शाळेच्या आणि तहसीलच्या कर्मचाऱ्यांना समजावून सांगावे लागते. शासन निर्णयाची प्रत जवळ ठेवावी.

दफनाविषयी घरातल्या माणसांशी आधी बोलून ठेवावे, कारण दफन शक्यतो त्याच दिवशी करायचे असते आणि त्या वेळी विचार करायला सवड मिळत नाही. दफनभूमी कोणती, तिथवर वाहन कोणाचे, पांढरे कापड कोण आणेल, स्नान कोण घालील आणि कद्दीशसाठी दहा जण कोठून येतील, ही पाच उत्तरे लिहून ठेवावीत. पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्रिया स्नान घालतात. ही सेवा शिकून घेणारा तरुण किंवा तरुणी लहान मंडळीला हवीच असते, आणि ती शिकायला मुंबई-ठाण्याच्या जाणकारांकडे काही दिवस राहावे लागते.

तुमचे काम निवडा

पहिल्या दोनतीन शब्बाथांनंतर यजमानांना विचारून एक काम ठरवून घ्यावे आणि निदान पेसाहपासून रोश हशानापर्यंत ते सोडू नये. वेळांचा कागद, मनुकांचे सरबत, परशाचा प्रश्न, आजारी माणसाला भेटून येणे, मात्साची यादी, मुलांना अक्षरे गिरवून घेणे, असे कोणतेही काम चालेल. ज्याला बोलायला संकोच वाटतो त्याने सरबत घ्यावे, ज्याला चूल जमत नाही त्याने यादी घ्यावी.

बदलीच्या नोकरीतल्या माणसांनी त्या कामाची वही ठेवावी. कोणत्या शुक्रवारी सूर्य किती वाजता मावळला, मनुका कोणत्या दुकानातल्या चांगल्या निघाल्या, कोणत्या मोहेलांशी बोलणे झाले, ठाण्याला कोणाकडे उतरायचे, पेसाहचे पीठ कोठे दळले, हे तारखेसह लिहावे. बदलीचा हुकूम आला की ती वही पुढच्या माणसाच्या हातात द्यावी आणि त्याच्यासोबत एक गुरुवार-शुक्रवार काढून सगळे प्रत्यक्ष करून दाखवावे. पुढचा माणूस अजून आलेला नसेल तर वही यजमानांकडे ठेवावी आणि पहिल्या पानावर आपला फोन नंबर लिहावा.